व्हाइट हाऊस, मामांचे टॉवेल आणि सात मुद्द्यांचा फॉरवर्ड

परवा सकाळी साडेसहाला मामांचा मेसेज पडला. आमचे मामा म्हणजे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे लूम चालवणारे, आयुष्यभर सूत, बीम आणि कामगार सांभाळलेला माणूस, हे कुणाला फसायचे नाहीत असा आमच्या घरात सगळ्यांचा समज. मेसेज म्हणजे फॉरवर्डच होता, 'व्यापारी बंधूंनो सावधान, वेबसाईट बनवण्यापूर्वी हे वाचा', सात मुद्दे आणि तळाला एका वेबसाईटवाल्याचा मोबाईल नंबर. असले फॉरवर्ड नव्या पेठेतल्या निम्म्या दुकानदारांच्या ग्रुपवर फिरत असतात, मी उघडून पण बघत नाही. पण मामांनी खाली टाकलं होतं, "तू वर्डप्रेस वर्डप्रेस करत होतास की रे. हे वाच. मी ह्यांना १५,००० अ‍ॅडव्हान्स देऊन टाकलो."

मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. आधीच सांगतो, मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतो, साईटी बनवून विकायचा माझा धंदा नाही, मामांची साईट कुणीही केली तरी मला त्यातून एक कटिंग पण सुटणार नाही.

मामांची गरज साधी आहे. हैदराबाद, बंगळूरची हॉटेलवाली गिऱ्हाइकं विचारतात, कॅटलॉग कुठे बघायचा. तीस-चाळीस आयटम, प्रत्येकाचा साईज, जीएसएम (कापडाचं वजन), रंग, फोटो, आणि रेट बदलला की ऑफिसातल्या पोराला स्वतः बदलता यावं. सीएमएस म्हणतात ते एवढ्यासाठीच असतं ओ, साईटचं मागचं काउंटर, प्रोग्रामरला न बोलावता माल मांडायची सोय. वर्डप्रेस हा त्यातला एक प्रकार, ड्रुपल, जूमला हे दुसरे, आणि विक्स, शॉपिफाय हे महिन्याला भाडं भरून वापरायचे. फॉरवर्डचं म्हणणं, हे सगळं सोडा आणि आमचं 'स्वतःचं कस्टम सॉफ्टवेअर' घ्या.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो वाचून माझा चहा सांडला. 'अमेरिकेचं व्हाइट हाऊस, नासा अशा संस्था कधीच वर्डप्रेस वापरत नाहीत, त्या स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेतात.' अहो, ह्या माणसाला जगात हजारो संस्था होत्या नावं घ्यायला, आणि त्याने नेमक्या ह्या दोन काढल्या. व्हाइट हाऊसची साईट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली आणि २०१७ च्या शेवटी वर्डप्रेसवर आली. नासाची मुख्य साईट २०२३ मध्ये वर्डप्रेसवर गेली. माझ्यावर विश्वास ठेवायची पण गरज नाही, कॉम्प्युटरवर साईट उघडा, राइट क्लिक करून पेज सोर्स बघा, त्यात डब्ल्यूपी-कंटेंट हा शब्द जागोजागी दिसतो, वर्डप्रेसची सही म्हणा. बहुतेक वर्डप्रेस साईटींत असंच दिसतं. मग गंमत म्हणून फॉरवर्डवाल्याची स्वतःची साईट उघडली, तिचा पण सोर्स बघितला.

डब्ल्यूपी-कंटेंट.

इथे खरं तर लिहिणं थांबवलं असतं तरी चाललं असतं, पण मामा म्हणाले, "ते राहू दे, बाकीचे सहा सांग." बरं.

दुसरा मुद्दा, वर्डप्रेसवर टाकलेली माहिती, फोटो, गिऱ्हाइकांची यादी सगळं अमेरिकन कंपनीच्या मालकीचं होतं. हे साफ खोटं आहे, पण गोंधळ कुठून आला ते कळतं. एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट ऑर्ग म्हणजे सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं, जीपीएल लायसनखाली, कुणीही उतरवून घ्यावं, आपल्या होस्टिंगवर, म्हणजे साईट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर, टाकावं, हवं तसं बदलावं. आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची सेवा, तिथे साईट त्यांच्या सर्व्हरवर राहते, पण तिथेसुद्धा तुमचा मजकूर तुमचाच असतो. वर्डप्रेसच्या आत टूल्समध्ये एक्स्पोर्टचं बटण आहे, दाबलं की सगळा मजकूर एका फाईलीत बाहेर येतो, दुसरीकडे न्या. मी मामांना विचारलं, ह्या कस्टमवाल्याकडे असं बटण आहे का विचारा. त्याने सांगितलं, "त्याची गरजच पडणार नाही शेठ."

पहिला मुद्दा, फुकट आहे म्हणून हॅक होतं. इथे मला थोडं गिळावं लागतंय. वर्डप्रेसच्या साईटी हॅक होतात, भरपूर होतात, आमच्या ओळखीतल्या एका शाळेच्या साईटवर दोन महिने परदेशी औषधांच्या जाहिराती दिसत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. पण कारण फुकट असणं हे नाही. मूळ वर्डप्रेसला सुरक्षेचे छोटे अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात. भोकं सापडतात ती बहुतेक प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या सुट्या भागांमध्ये, आणि आपल्याकडची खास सवय म्हणजे पैसे देऊन घ्यायची थीम, म्हणजे साईटचा तयार पोशाख, कुठून तरी फुकटात उतरवून टाकायची, तिच्यात आधीच कुणीतरी मागचा दरवाजा करून ठेवलेला असतो. त्या शाळेचं तसंच झालं होतं. शिवाय डब्ल्यूथ्रीटेक्स ही संस्था मोजते त्यानुसार जगातल्या एकूण साईटींपैकी ४० टक्क्यांहून जास्त वर्डप्रेसवर आहेत, मग चोर पण तिथेच जास्त फिरणार. पाच-सहा प्लगइन, सगळी चालू अपडेटवाली, बॅकअप रोजचा, पासवर्ड शहाण्यासारखा, एवढं कुणीतरी बघायला पाहिजे. ते बघायला माणूस नसेल तर वर्डप्रेस घेऊ नका, हे मी पण म्हणेन. नुसता पत्ता, फोन आणि चार फोटो दाखवायचे असतील तर साधी एचटीएमएलची पानं करून घ्या, मागे माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेसच नाही तर फोडणार काय.

पण म्हणून कस्टम सुरक्षित? एका माणसाने लिहिलेला कोड, दुसऱ्या कुणी कधी न बघितलेला, त्यात भोक आहे की नाही हे कळायला फक्त चोरच यायचा बाकी असतो. वर्डप्रेसमध्ये भोक सापडलं की जगभर बोंब होते आणि अपडेट येतो. इथे बोंब कोण मारणार?

चौथा मुद्दा गूगलचा. 'गूगल वर्डप्रेसला मागे टाकतो, आम्ही कीवर्ड भरून पहिल्या नंबरची गॅरंटी देतो.' कीवर्डचा जो टॅग हे लोक भरतात तो आम्ही रँकिंगला वापरत नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलंय. आणि एसईओवाला, म्हणजे गूगलवर साईट वर आणून देणारा, नेमताना काय बघावं ह्याचं गूगलचं स्वतःचं पान आहे, त्यात स्पष्ट आहे की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. पुढे.

पाचवा, वर्डप्रेसमध्ये मराठी चालत नाही. चालतं. सगळं पॅनेल मराठीत करून मिळतं. हा गैरसमज कसा झाला ते मला माहितीये, मजकूर येतो डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव ह्या छपाईच्या फॉन्टांत, तो तसाच साईटवर चिकटवला की सगळा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाइप होतं त्या मराठीत, बदलून घ्या, मराठी काय, तेलुगू-कन्नड पण टाका, पूर्व भागातली निम्मी गिऱ्हाइकं खूश होतील.

सहावा, एकदाच पैसे भरा, लाइफटाइम डोमेन. डोमेन, म्हणजे साईटचं नाव-पत्ता, लाइफटाइम मिळतच नाही. डॉट कॉम असो की डॉट इन, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, नंतर परत पैसे. एसएसएलचे, म्हणजे साईट आणि गिऱ्हाइकातली ये-जा गुप्त ठेवणाऱ्या सर्टिफिकेटचे म्हणून वर्षाला ४,००० लावलेत ते वेगळेच, लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं आणि बहुतेक होस्टिंगवाले एका क्लिकवर लावून देतात.

आता सातवा. हा सगळ्यात शेवटी, एका ओळीत, 'डोमेन, होस्टिंग, पासवर्ड सगळं आमच्याकडे राहील, तुम्हाला डोकेदुखी नको, तुम्ही फक्त धंदा करा.' माझं म्हणणं असं आहे की आधीचे सहा मुद्दे हा सातवा गळी उतरवायला लिहिलेत. वर्डप्रेस की कस्टम ह्यावर आपण भांडत बसायचं आणि चावी कुणाच्या खिशात हे विचारायचंच राहायचं.

आणि मामांना हे ठाऊक नाही असं पण नाही, म्हणून तर माझं डोकं फिरलं! २०१४ ला सात रस्त्याजवळच्या एकाने त्यांची पहिली साईट केली होती, कस्टमच. पॅनेलचा युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन१२३, जाऊ दे ते. २०१९ ला एक दिवस साईट पांढरी, काहीच दिसेना. झालं काय होतं, होस्टिंगवाल्याने पीएचपीचं, म्हणजे साईटचा कोड ज्या भाषेत लिहिलेला तिचं, जुनं व्हर्जन काढून ७ लावलं, त्यात डेटाबेसशी बोलायची मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं काढून टाकलेली आहेत, आणि ह्या माणसाचा अख्खा कोड त्याच फंक्शनांवर उभा. पीएचपी ७ आलं २०१५ च्या डिसेंबरात, म्हणजे हा बाबा चार वर्षं झोपला होता. दुरुस्तीचे ८,००० घेतले. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं तर तो कोड दुसऱ्या कुणाला कळायचा नाही, दोघांनी बघून हात जोडले.

मग लॉकडाऊन आला, तो माणूस पुण्याला गेला, नंबर बंद. डोमेन त्याच्या खात्यात, रिन्यूअलची मेल त्याच्या मेलबॉक्सात. डॉट कॉमचं असं असतं, मुदत संपली की डोमेन नोंदवणारी कंपनी काही दिवस वाट बघते, मग ३० दिवस दंड भरून परत घेता येतं, मग ५ दिवस कुणालाच नाही, आणि मग जो आधी पकडेल त्याचं. हे सगळे दिवस येऊन गेले आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. कळलं कसं? हैदराबादहून जुन्या पार्टीचा फोन आला, "क्या सेठ, टॉवेल छोड के रम्मी चालू करे क्या?" साईटचा पत्ता टाकला की रमीच्या जाहिराती. आणि तो पत्ता मामांनी ५,००० खोक्यांवर छापून घेतला होता.

एवढं होऊन तेच मामा नव्या वेबसाईटवाल्याला म्हणतात, डोकेदुखी नको, ठेवा तुमच्याकडेच. काय बोलायचं बे.

हे फक्त सोलापूरच्या छोट्या वेबसाईटवाल्यांचं दुखणं आहे असं नका समजू. गूगलने दुकानदारांना बिझनेस प्रोफाईलवरून फुकट साईट करून दिली होती, बिझनेस डॉट साईट असा पत्ता असायचा, आपल्याकडे कितीतरी लोकांनी तोच बोर्डावर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या बंद केल्या. थोडे दिवस जुना पत्ता प्रोफाईलकडे वळवला आणि १० जून २०२४ नंतर तेही बंद. गूगल! मग पुण्याला गेलेल्या माणसाचं काय घेऊन बसलात. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसऱ्या साईटला जोडलं आणि विषय संपला, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी बोर्ड पुसले. विक्सवाले तर आपल्या मदतीच्या पानावर सरळ लिहितात की इथली साईट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. निदान लिहितात तरी. किरकोळ विक्री करणाऱ्याला शॉपिफाय वाईट नाही, भाडं आहे, पण प्रॉडक्टची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाईलीत बाहेर काढता येते.

म्हणून मामांना सांगितलं, वर्डप्रेस घ्या, कस्टम घ्या, काय घ्यायचं ते घ्या, आधी डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने, स्वतः खातं उघडून घ्या, हजार-बाराशे रुपयांचं काम आहे. पूर्वी कुणाच्या नावावर आहे ते हूइजवर, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, दिसायचं, आता बहुतेक ठिकाणी नाव झाकलेलं असतं, फक्त मुदत कधी संपते ते दिसतं, त्यामुळे खरी खूण एकच, रिन्यूअलची मेल कुणाला येते आणि लॉगिन कुणाकडे आहे. होस्टिंगचं बिल फर्मच्या नावाने. बॅकअपची एक कॉपी आपल्या पेनड्राइव्हवर, तिजोरीत. आणि कामाच्या बिलावर लिहून घ्या की काम सोडताना कोड आणि डेटाबेस देणार.

मामांनी मला समोर बसवून त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. डोमेन आमच्या नावावर घेतो म्हटल्यावर तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "शेठ, तसं केलं तर लाइफटाइम सपोर्ट लागू होत नाही, आमच्या पॉलिसीत बसत नाही."

"मग आमचे १५,००० तुमच्या पॉलिसीत कसे बसले ओ?" मामा.

पैसे अजून आलेले नाहीत, सोमवारी बघू म्हणालाय. डोमेन मात्र त्याच दुपारी घेतलं, मामांच्या मेलवर, पासवर्ड मामींच्या वहीत. जुन्या ५,००० खोक्यांपैकी ११०० च्या आसपास अजून गोडाऊनला पडून आहेत, छापलेल्या पत्त्यावर पांढरं स्टिकर चिकटवायचं काम चालू आहे.