पाणी पाचव्या दिवशी, मैलाही त्याच दिवशी दारात

आज पुन्हा ड्रेनेजचं चेंबर भरलं. आज सोलापुरातल्या आमच्या गल्लीला नळाचं पाणी, म्हणजे चेंबर भरणारच, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ झालंय. पहाटे पावणेचारला नळ सुटला, साडेपाचला दारासमोरचं लोखंडी झाकण कडेनं फसफसायला लागलं आणि सहाच्या आत अख्ख्या गल्लीचा मैला माझी पायरी चढून आत आला. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. पुढच्या खोलीत दीडशे शर्टांचं कटिंग करून ठेवलेलं. खालचा गठ्ठा भिजला. मालकाला काय सांगू, कापडाला कसलं पाणी लागलंय म्हणून?

तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्हीच लोक चेंबरमध्ये काहीबाही टाकता." टाकतात, खरं आहे. डायपर टाकतात, पॅड टाकतात, तळणीचं तेल ओततात, मागावरचं सुताचं तूस सोडतात. त्यावरून मी गल्लीत भांडणं घेतलीत, दोन घरांशी अजून बोलणं नाही. पण मला एवढंच सांगा, रोज टाकतात तर चेंबर पाण्याच्याच दिवशी का भरतं?

कारण ड्रेनेजला वाहायला पाणी लागतं. पाइप उतारानं टाकलेला असतो आणि मैला पाण्याच्या जोरावर पुढं सरकतो. सेकंदाला साधारण 60 सेंटिमीटर तरी वेग दिवसातून एकदा मिळाला पाहिजे, नाहीतर जड माल तळाशी बसतो. ड्रेनेजचं काम शिकलेल्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं. आता आमचे मधले चार दिवस बघा. अंघोळीला अर्धी बादली, भांडी एका टबात, धुण्याचं उरलेलं पाणी संडासात आणि तेही तांब्यानं मोजून. मैला जागेवरच बसतो, त्यावर तूस, त्यावर तेल, आणि थर घट्ट होतो. मग पाचव्या दिवशी पहाटे सगळ्या घरांत एकदम अंघोळी, एकदम धुणी, एकदम टाक्या घासणं. पाइप आधीच अर्धा बुजलेला, एवढं पाणी तो घेणार कुठून? ते दारातूनच वर येतं.

आणि मधले चार दिवस नळाची लाईनही रिकामी असते. आमच्या गल्लीत ती आणि ड्रेनेज जवळजवळ एकाच चरात आहेत. भरलेल्या पाइपमधून पाणी बाहेर गळतं, पण रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो. जोड सैल असला, कुठं चीर असली, की आजूबाजूला मुरलेली घाण त्यातून आत जाते आणि नळ सुटला की पहिल्यांदा तीच येते. मी स्टीलच्या पातेल्यात पहिलं पाणी धरते. रंग पिवळट, बुडाला काळी रेती, आणि वास असा की पातेलं तोंडाजवळ नेववत नाही. पहिल्या तीन बादल्या ओतून द्याव्या लागतात. पाच दिवसांनी मिळालेल्या पाण्यातल्या तीन बादल्या! शेजारच्या अक्कांच्या नातवाला गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी उकळून पिता का? अक्का विड्या वळतात. रोज दोन हंडे पाणी उकळायला लागणारा गॅस कुठल्या पैशातून आणायचा, हे त्या डॉक्टरांना विचारू शकल्या नाहीत. मला घरी येऊन विचारलं.

हे पाणी शंभर किलोमीटरच्या वर लांब असलेल्या उजनी धरणातून येतं. उजनीत पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून, भीमेतून येऊन पडतं, त्याबद्दल आपण सोलापूरकर तावातावानं बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण आपलं सांडपाणी नाल्यांनी सीना नदीत जातं. सीना पुढं कुडलला भीमेला मिळते. त्याच हत्तरसंग कुडलला शके 940 चा मराठी शिलालेख आहे, आम्हाला शाळेच्या सहलीत नेऊन दाखवला होता. त्या संगमाच्या खालच्या गावांनी आपल्याबद्दल काय म्हणायचं? देगावला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, मान्य. पण माझ्या पायरीवर आलेला मैला देगावला कसा पोचणार? माझी बहीण हद्दवाढ भागात राहते. 1992 साली शहरात आलेला भाग, तिच्या कॉलनीत अजून ड्रेनेज नाही. संडासाची सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांत एकदा उपसायला हवी. तिच्या घराची अकरा वर्षांत उपसलेली नाही, टाकीचा पाइप सरळ उघड्या गटारीत सोडलाय, आणि त्याच गटारीकडेला पोरं क्रिकेट खेळतात.

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे.

मागच्या महिन्यात असंच चेंबर भरलं. तक्रार दिल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं आले. हातात बांबूच्या पट्ट्या आणि एक दोर, बाकी काही नाही. मशीन नाही, मास्क नाही. पट्टी आत जाईना, तसं त्यातल्या पोरानं शर्ट काढून माझ्या खिडकीच्या गजाला अडकवला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी म्हटलं, "बाळा, उतरू नकोस, आत गॅस असतो." तो म्हणाला, "काही होत नाही ताई, आता वासपण येत नाही." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्या गॅसला आधी सडक्या अंड्यासारखा वास असतो, आणि तो फार वाढला की नाकाला वास कळायचाच थांबतो. वास येत नाही म्हणजे धोका गेला असं नाही. मागून मुकादम ओरडला, "उतर बे, किती वेळ!"

मी झाकणाच्या कडेला, त्या घाणीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, 2013 चा कायदा आहे, असं माणसाला ड्रेनेजमध्ये उतरवता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, असं काम करताना माणूस मेला तर घरच्यांना 30 लाख द्यायचे. मुकादम म्हणाला, "मग राहू द्या असंच." आणि वरून आमच्याच गल्लीतल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाकडे पूजा होती. "तुला काय करायचंय, त्याला पगार मिळतोय." पगार मिळतोय म्हणून जीव द्यायचा का? तुमचा पोरगा असता तर दोर धरून वर उभ्या राहिला असता का? मी हे त्यांच्या तोंडावर विचारलं आणि आज परत विचारते.

दोन दिवस तसाच मैला तुडवला आम्ही. मग मशीनची गाडी आली. पाण्याचा फवारा मारला, गाळ ओढून घेतला, सगळं मोकळं. चाळीस मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलं. म्हणजे मशीन होतं! या शहरात, त्याच दिवशी, कुठंतरी उभं होतं, आणि तरी त्या पोराला शर्ट काढायला लावला. याच्याइतकी चीड मला कापड भिजल्याची आली नाही.

तो शर्ट घेऊन जाताना पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा त्या दिवसाचा खाडा मांडला का, ते मला कळलं नाही, आणि ते मनातून जात नाही.

आज सकाळी तक्रारीचा फोन लावला. म्हटलं, "मशीन पाठवा, माणूस आत उतरवायचा नाही, असं लिहा." पलीकडच्या साहेबांनी लिहिलं, "ड्रेनेज चोकअप." मी म्हटलं, "नाही, मी सांगितलं ते सगळं लिहा आणि मला वाचून दाखवा." ते म्हणाले, तेवढी जागा नसते फॉर्मवर. मी म्हटलं, मागच्या बाजूला लिहा. फोन ठेवला नाही. सात-आठ मिनिटं गेली. शेवटी त्यांनी लिहिलं आणि शब्द न् शब्द वाचून दाखवलं.