फ्रेम गळतात म्हणून नवा पीसी घेऊ नका

जुन्या व्हीएचएस कॅसेटी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरतो आहे. गोषवारा असा: कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना, फ्रेम ड्रॉप होतात (व्हिडिओतली चित्रं मधूनमधून गळतात) म्हणजे तुमचा पीसी कमी पडतोय. नवा प्रोसेसर घ्या, रॅम वाढवा, एसएसडी बसवा, डिफ्रॅग करा (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणा), यूएसबी ३ चं कॅप्चर कार्ड आणा. तरीही भागलं नाही तर रिझोल्यूशन कमी करा. वीसेक वर्षांपूर्वी यातलं बरंचसं बरोबर होतं. आज व्हीएचएसपुरतं बोलायचं तर जवळजवळ काहीच नाही.

“पीसीला एवढा डेटा झेपत नाही.” हिशेब करून बघा. आपल्याकडच्या पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत) कॅसेटीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अजिबात कॉम्प्रेस न करता, दर पिक्सेलला २ बाइट धरले तरी सेकंदाला २०.७ एमबी होतात. तासाला ७५ जीबी, म्हणजे जागा भरपूर लागते. वेग मात्र लागत नाही. साधी फिरती हार्डडिस्कही सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते. विंडोज एक्सपीच्या काळात गोष्ट वेगळी होती. डिस्क वाचताना-लिहिताना चुका साठल्या की विंडोज तिला गुपचूप डीएमएवरून (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवण्याच्या पद्धतीवरून) पीआयओ मोडमध्ये (सगळा डेटा प्रोसेसरकडूनच हलवण्याच्या) टाकायचं आणि सगळा प्रोसेसर तिथेच खर्ची पडायचा. डिफ्रॅगचा सल्लाही त्याच जमान्यातला. एसएसडीवर तो निव्वळ झीज वाढवतो.

“रॅम वाढवा.” कॅप्चरमध्ये रॅमचं काम डिस्क क्षणभर अडखळली तर तेवढा डेटा सांभाळण्याचं. ७५ जीबी तिच्यातून नुसते वाहून जातात.

“यूएसबी ३ घ्या.” सेकंदाला २१ एमबी यूएसबी २ आरामात नेतं. १०८० पी, ६० फ्रेमचं एचडीएमआय कॅप्चर असेल तर बोला. तिथे कॉम्प्रेस न केलेला डेटा सेकंदाला अडीचशे एमबीच्या घरात जातो. व्हीएचएससाठी पाहायचं ते एवढंच की डाँगल (यूएसबीचं कॅप्चर कार्ड) हबमध्ये न लावता थेट मदरबोर्डच्या पोर्टात आहे ना, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद आहे ना.

मग पाणी मुरतं कुठे? बहुतेक वेळा कॅसेटमध्ये. टेप सैल-घट्ट होत फिरते, त्यामुळे प्रत्येक रेषेची वेळ थोडी पुढेमागे होते. जुना टीव्ही हे सहन करायचा. कॅप्चरची चिप करत नाही. सिंक (रेषा किंवा फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारी खूण) सापडला नाही की ती फ्रेम सोडून देते. लग्नाच्या कॅसेटीत कॅमेरामनने जिथे जिथे रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं, तिथे हे हमखास होतं. हार घालून झाले, पुढचं दृश्य थेट पंगतीचं, आणि मधल्या सांध्यावर पाच-दहा फ्रेम गायब! याला महागडा आय-७ प्रोसेसर काय करणार?

खात्री करायची तर एकच तुकडा दोनदा कॅप्चर करा. दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गेल्या तर दोष टेपचा किंवा व्हीसीआरचा. जागा बदलली तर कॉम्प्युटरकडे वळा. दुसरी चाचणी याहून सोपी. व्हीसीआर काढून त्याच पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलीने डीव्हीडी प्लेयर जोडा आणि अर्धा तास कॅप्चर करा. एकही फ्रेम गळली नाही तर कॉम्प्युटर निर्दोष. अशा वेळी पैसे टाइम बेस करेक्टरवर (रेषांची पुढेमागे झालेली वेळ सरळ करणाऱ्या उपकरणावर) घालवा, किंवा ते अंगात असलेल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसच्या वरच्या दर्जाच्या) व्हीसीआरवर. मिळतील ते जुनेच, कारण फुनाईने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवल्यावर नवा कुणीच बनवत नाही. आणि हो, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती आधी साफ करून घ्या. कोकणातल्या दमट घरातल्या कॅसेटींवर ती असतेच म्हणा. तशीच चालवलीत तर व्हीसीआरचं हेडही जाईल.

ठरावीक अंतराने एकेक फ्रेम जात असेल तर प्रकरण निराळं. आवाज साउंड कार्डातून आणि चित्र डाँगलमधून येत असेल, तर दोघांची घड्याळं वेगळी चालतात. दहा हजारात एकाचा फरक असला तरी ४०० सेकंदांना एक फ्रेम कमी-जास्त होणार, आणि मेळ राखण्यासाठी व्हर्च्युअलडब (कॅप्चरचा एक प्रोग्रॅम) ती काढतो किंवा घालतो. आवाजही डाँगलमधूनच घ्या, नाहीतर व्हर्च्युअलडबला चित्राऐवजी आवाज जुळवायला सांगा.

ओबीएस (रेकॉर्डिंग आणि स्ट्रीमिंगचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी आकडा नीट वाचावा. तिथलं ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ फक्त नेटवर्कचं असतं, म्हणजे लाइव्ह स्ट्रीमिंगचं. ‘एन्कोडिंग लॅग’चा (व्हिडिओ कॉम्प्रेस करताना मागे पडल्याचा) आकडा वाढत असेल तर मात्र फॉरवर्डचं म्हणणं खरं, प्रोसेसर कमी पडतोय. तेव्हाही आधी एन्कोडरचा प्रीसेट (तयार सेटिंग) हलका करा किंवा एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डावर टाका.

राहिला रिझोल्यूशनचा सल्ला, आणि तोच सगळ्यात घातक. पालच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एकाआड एक रेषांची. उंची निम्मी करून २८८ केली की बहुधा त्यातलं एक सरळ फेकलं जातं आणि सेकंदाला ५० वेळा टिपलेली हालचाल २५ वर येते. गेलेलं फील्ड फाइलमधून परत मिळत नाही. कमी करायचंच असेल तर रुंदी ३५२ करा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील तसाही बेताचाच असतो. ५७६ रेषांना हात लावू नका.