बाळाला गुडघ्याची वाटी असते

"नवजात बाळाला गुडघ्याची वाटी नसते. जन्मतः 300 हाडं असतात, त्यातली 94 पुढे विरघळतात. म्हणून हाडं कच्ची आहेत तोवरच जोरात मालीश करून पाय सरळ करून घ्या." हा मेसेज नव्या आयांच्या ग्रुपवर फिरतोय. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरीने बाळाला इजा होऊ शकते.

वाटी पोटातच तयार होते, पण कूर्चेची. आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून पाहा, बोटांना लागते ती कूर्चाच. ती एक्स-रेवर उमटत नाही, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या फिल्मवर वाटीची जागा रिकामी दिसते. साधारण 3 ते 6 वर्षांच्या दरम्यान त्या कूर्चेत आतून हाड धरू लागतं आणि वाटी फिल्मवर दिसायला लागते. मनगटाचंही तेच. तिथली आठही हाडं जन्मावेळी कूर्चेची असतात, पहिली दोन काही महिन्यांत दिसतात, शेवटचं वाटाण्याएवढं हाड 9 ते 12 व्या वर्षी. (हाडांचं वय काढायला डॉक्टर हाताचा एक्स-रे का घेतात, ते यावरून कळेल.) पण बाळाला मनगट नसतं असं कुणी म्हणत नाही!

94 हाडं विरघळत नाहीत, तुकडे एकमेकांना जुळतात. कंबरेखालचे 5 मणके मिळून एक त्रिकास्थी होतं, खुब्याचे 3 भाग वयात येताना एक होतात, कपाळाचे दोन अर्धे बहुधा पहिल्याच वर्षी सांधतात. 300 हा आकडाही कुठला तुकडा वेगळा मोजायचा यावर बदलतो.

आता मालीश. पोटात पाय दुमडून राहिल्याने बाळाच्या पायांना बाक असतोच. तो साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट आत वळतात, सातव्यापर्यंत तेही सरळ होतात. हलक्या हाताने तेल लावा, जरूर लावा. पण पाय ओढू-पिळू नका. लांब हाडं टोकांशी वाढतात, तिथे ती नाजूक असतात आणि ओढाताणीत तिथे मोडू शकतात.

दोन वर्षांनंतरही बाक वाढतोय, किंवा एकाच पायाला आहे, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) निघाला तर त्यावर बहुतेकदा 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हे औषध असतं, मालीश नव्हे.