निळूभाऊंमधला कार्यकर्ता
अभिनेते निळू फुले यांच्या खलनायकी भूमिकांवरील लेख वाचला; त्यातील विवेचन उत्तम आहे. मात्र राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कलापथकाची त्यात एका वाक्यात बोळवण व्हावी, हे मनाला लागले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा समाजवादी तरुण अभिनेता म्हणून घडला तो त्या कलापथकात. ‘सामना’ चित्रपटात निळूभाऊंनी साकारलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील इतका अस्सल उतरला, कारण ग्रामीण सत्तेचा माज त्यांनी कार्यकर्त्याच्या नजरेने जवळून पाहिला होता, असे मला ठामपणे वाटते. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंसोबत त्यांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग केले आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय झाली. २००९ मध्ये निधन होईपर्यंत चळवळींशी असलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही.