पैसे लॉकरमध्ये, पोट रांगेत

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना पाण्याचं अप्रूप फार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि नेमकी त्याच आठवड्यात मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. आता ही दोन्ही नवलं हायवेवरच्या वॉटर पार्कात एकत्र भेटतात. पाणी डुंबायला, यूपीआय वडापावला. आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

गेटवर पिशव्या तपासतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, सगळं परत क्रूझरमध्ये. इथंच कळायला हवं की आता पोट मोबाईलच्या हवाली झालं. मोबाईल लॉकरमध्ये, लॉकर एका टोकाला, फूड कोर्ट दुसऱ्या टोकाला आणि मधे तापलेली फरशी. ज्याच्या पोहण्याच्या कपड्यांना खिसा असेल त्यालाच घरचा कर्ता म्हणावं, असं माझं मत आहे.

हुशार माणूस प्लास्टिकच्या पाऊचमध्ये मोबाईल गळ्यात अडकवतो. तासाभरात पाऊच आतून घामेजतो आणि कॅमेऱ्याला क्यूआर कोड धुक्यातल्या वेरूळसारखा दिसतो. बाहेर काढावा तर बोटं ओली. टचस्क्रीन बोटातली वीज ओळखते आणि पाण्याचा थेंबही तिला बोटच वाटतो. तुम्ही तीन दाबता, उमटतो सहा. बोटाचा ठसा द्यावा तर चार तास पाण्यात राहून बोटाची सुकलेली खारीक झालेली. पिन लागोपाठ तीनदा चुकला की बहुतेक बँका त्या दिवसापुरतं दार लावून घेतात. म्हणून पाऊचमध्ये मोबाईलसोबत एक कोरडा सुती रुमाल घडी करून ठेवावा. आधी बोटं पुसायची, मग स्क्रीन, मग पिन. उलट केलं की पहिले पाढे पंचावन्न.

त्याहून बरा उपाय म्हणजे यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपातलंच छोटं पाकीट. आदल्या रात्री घरी, कोरड्या हातानं, त्यात पैसे भरून ठेवायचे. जास्तीत जास्त ५,००० मावतात. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन मागत नाही आणि प्रत्येक वड्यासाठी बँकेच्या सर्व्हरचं दार वाजवावं लागत नाही. अकरा जणांचं बिल दोन हजारांवर गेलं तर सरळ तीन बिलं करून मागायची. काउंटरवरचा पोरगा वैतागतो. वैतागू द्यावं.

इंटरनेट मात्र लागतंच, आणि फूड कोर्ट असतं पत्र्याखाली. "दादा, नेट कामून चालंना?" असं विचारलं की तो बोटानं बाहेर दाखवतो. मग कर्ता पुरुष टॉवेल गुंडाळून, मोबाईल आकाशाकडे धरून उन्हात उभा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, नवस फेडायलाय.

पैसे गेले तरी सुटका नाही. काउंटरवरचा डबा 'इतके रुपये प्राप्त झाले' असं ओरडतो खरा, पण शेजारी रेन डान्सचा डीजे.

"काका, आवाज आला नाही."

"अरे, खात्यातून कटले की!"

"कटले असतील. आले नाहीत."

इथं घाईनं दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. स्क्रीनशॉट दाखवून उपयोग नाही, खोटे स्क्रीनशॉट त्यानं पोत्यानं पाहिलेत. बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, काढून त्याच्या ॲपशी ताडून बघायला सांगावं. तिथं नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानदाराकडे न पोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम चोख आहे. भजी मात्र तोवर थांबत नाहीत.

आता गिफ्ट कार्ड. हे दोन जातींचं. पार्कचं स्वतःचं कार्ड फक्त त्यांच्याच आवारात चालतं, पण आतले स्टॉल बऱ्याचदा ठेक्यानं दिलेले असतात. तिकिटाला चालणारं कार्ड डोशाला चालेलच असं नाही, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. दुसरं बँकेचं. त्यात जास्तीत जास्त १०,००० रुपये, पुन्हा भरता येत नाही, रोख काढता येत नाही. खरी गंमत शेवटच्या शिल्लकीची. कार्डात उरलेत २१२ रुपये ५० पैसे. बिल २५० चं, वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २६२ रुपये ५० पैसे. पूर्ण बिल मारलं की मशीन सरळ नकार देतं. ते काही 'असतील तेवढे घेतो' म्हणणारं किराणा दुकान नाही. काउंटरवर आधीच सांगायचं, "बिल दोन भागांत करा. कार्डवर पैशासकट २१२.५० टाका, उरलेले ५० रोख." त्या पन्नास पैशांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची कार्डं पुढं वर्षभर पाकिटात पोट फुगवून बसतात.

काही ठिकाणी मोबाईलही नको नि रोखही नको, त्यांचंच कार्ड घ्या, त्यात पैसे भरा, निघताना उरलेले परत घ्या, अशी पद्धत असते. भरायला तीन खिडक्या, परतीला एक. ती पार्क बंद व्हायच्या आधीच बंद होते, आणि तेव्हा तुमची सगळी फौज लाटांच्या हौदात. म्हणून माझा हिशोब असा: एकदम दोन हजार भरू नयेत, पाचशे-पाचशेनं भरावेत. चार वाजता शिल्लक विचारावी, पोरं कपडे बदलेपर्यंत एकानं परतीच्या रांगेत उभं राहावं. डिपॉझिटची पावती ओल्या खिशात ठेवू नये. लगदा दाखवून पैसे मिळत नाहीत.

एवढं करून संध्याकाळी सगळे उपाशीच क्रूझरकडे येतात. धपाटे शाबूत असतात. दह्याचं झाकण जपून उघडावं, दिवसभर उन्हात फुगलेलं असतं.