बॅगेतून बूट आणावेत का?

"मावशी, येताना धावायचे बूट आणशील? तिकडे चांगले मिळतात. आठ नंबर." भाचीचा हा निरोप घरच्या ग्रुपवर आला आणि अर्ध्या तासात वाद पेटला.

भाऊजींचं मत पहिलं आलं. धावायला दोन पाय पुरतात, बाकी सगळा कंपन्यांचा धंदा. पुराव्यादाखल त्यांनी अबेबे बिकिलाचं नाव घेतलं, 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा इथिओपियाचा धावक. माझा मामेभाऊ नेमाने शर्यती धावतो. त्याने कार्बन प्लेटच्या, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी बसवलेल्या बुटांची लिंक टाकली आणि लिहिलं, "घ्यायचेच तर एकदाच चांगले घे." ताईला या दोघांचंही पटलं नाही. आधी सहा महिने नियमाने धावून दाखव, मग खर्चाचं बोलू, हे तिचं म्हणणं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, कारण मी परदेशात राहते आणि इथे धावायला लागून मला पाच वर्षं झाली आहेत. परदेशात राहणाऱ्याला वस्तूंमधलं जास्त कळतं असा एक समज घरोघरी असतो.

त्या रात्री ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. भाची नुकतीच नोकरीला लागलेली. दोन महिन्यांपासून एक दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटं धावते, दमली की चालते. तिला द्यायचं उत्तर ग्रुपवरच्या दोन ओळींत बसणारं नव्हतं.

भाऊजींच्या बिकिलापासूनच सुरुवात करते. तो अनवाणी जिंकला हे खरं, वेळ 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. पण चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि रोमपेक्षा तीन मिनिटांनी वेगवान धावला. ही दुसरी शर्यत अनवाणी धावण्याच्या बाजूने बोलणारे सांगत नाहीत. शिवाय बिकिलाने अनवाणी सरावही केला होता, त्याच्या तळव्यांना आणि पोटऱ्यांना ते ओझं ओळखीचं होतं. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्या मुलीचे पाय तसे नसतात. 2010 मध्ये संशोधक डॅनियल लीबरमन यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा टाचेवर न आपटता पुढच्या तळव्यावर उतरतात, त्यामुळे पाय टेकतानाचा धक्का कमी बसतो. त्याच सुमारास पातळ, मोज्यासारख्या बुटांची लाट आली. 2013 मध्ये अमेरिकेत सवयीच्या बुटांवरून अशा बुटांवर गेलेल्या धावकांच्या पावलांचे एमआरआय काढले गेले. दहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक जणांच्या पावलातल्या हाडांवर ताणाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. अनवाणी धावणं वाईट आहे असं यातून ठरत नाही. पण ती सवय अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि फुकट वाटणारा हा मार्ग नवख्याला दुखण्यात महाग पडू शकतो.

आता मामेभावाचे बूट. कार्बन प्लेट आणि अतिशय हलका, उसळी देणारा फोम यांचा परिणाम खरा आहे. 2017 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात केलेल्या चाचणीत अशा बुटांमुळे धावायला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी घटली. पुढे जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सोलची जाडी 40 मिलिमीटर आणि प्लेट एकच अशी मर्यादा घालावी लागली. पण ती चाचणी कोणावर झाली होती? दहा किलोमीटर 32 मिनिटांच्या आत धावणाऱ्या पुरुषांवर, ताशी 14 ते 18 किलोमीटर वेगाने. माझी भाची ताशी सात किलोमीटरच्या आसपास धावते. तिच्या वेगाला ती प्लेट तशी काम करेल असं त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. उंच, मऊ सोलवर घोटा डगमगतो, फोम लवकर बसतो, आणि हे बूट दुकानातले सर्वांत महाग असतात. शर्यतीचा बूट शर्यत धावणाऱ्यालाच शोभतो.

मी स्वतः जिथे चुकले ते या दोन्ही टोकांच्या मधलं आहे. म्हणून त्याबद्दल मला जास्त कळकळ आहे.

इथे आल्यावर पहिले बूट घ्यायला मी एका खास धावण्याच्या दुकानात गेले. मला ट्रेडमिलवर पळवलं, मागून चित्रीकरण केलं, पडद्यावर माझा घोटा आत झुकताना दाखवला. तुमचा पाय जास्त वळतो, तुम्हाला आधार देणारे बूट लागतील, सोबत बुटात घालायचे हे वेगळे तळ, इनसोल, घ्या. पांढऱ्या प्रकाशातलं ते दुकान, कॅमेरा, पडद्यावर आखलेल्या रेषा... मला ते वैद्यकीय निदानच वाटलं. पहिल्याच पावलाला बूट कडक लागत होता, तरी मी काही बोलले नाही. यंत्र सांगतंय म्हणजे बरोबरच असणार. तीन आठवड्यांत नडगी इतकी दुखायला लागली की जिने उतरवेनात.

मग मी वाचायला लागले. अमेरिकन लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांत मूलभूत प्रशिक्षणाच्या वेळी हजारो जवानांवर हाच प्रयोग झाला होता. काहींना तळव्याच्या कमानीप्रमाणे निवडून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. पावलाचा आकार पाहून बूट ठरवायची पद्धत कितीही शास्त्रीय दिसली, तरी तिच्या पाठीशी भक्कम पुरावा नाही. 2015 मध्ये धावण्याचे अभ्यासक बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी गोष्ट मांडली: पायाला जो बूट सर्वांत आरामदायी वाटतो तोच घ्यावा, शरीर त्यात आपली सोयीची हालचाल आपसूक निवडतं. मला दुकानात पहिल्याच पावलाला जे कळलं होतं, ते मी यंत्रावर विश्वास ठेवून सोडून दिलं होतं. माझ्या नडगीला मी रोज धावत होते हेही कारण होतंच. नवख्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ बुटापेक्षा घाईत सापडतं: हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायच्या आत अंतर वाढवलं जातं. तो बूट दोषी होता असं मी म्हणत नाही, पण ती घाई थांबवायला त्याची काडीची मदत झाली नाही.

मामेभावाच्या "एकदाच चांगले घे" या सल्ल्याबद्दल मला खरं बोलायचं आहे. हा सल्ला परदेशात अगदी सहज दिला जातो आणि तो जसाच्या तसा घरी पाठवला की चुकतो. मोठ्या कंपनीच्या बुटाची किंमत जगभर फारशी बदलत नाही. पगार मात्र फार बदलतात. मी हिशेब मांडला. जो जोड घ्यायला मला इथे एक दिवस काम करावं लागतं, त्यासाठी भाचीला तिच्या पहिल्या पगारात आठवडाभर राबावं लागेल. बूट तोच, चुकीचा निघाला तर माझा एक दिवस जातो, तिचा आठवडा. म्हणून मी परदेशातून आलेली शिफारस चलनात बदलत नाही, कामाच्या दिवसांत बदलते. तसं केलं की ताईची काळजी एकदम समजते. तिला बूट नको आहेत असं नाही, तिला तो आठवडा वाया जायला नको आहे.

तरीही ताईच्या "आधी सहा महिने"ला माझा विरोध आहे. पहिले तीन-चार आठवडे घरात असलेल्या लेसच्या, पायात न हलणाऱ्या कोणत्याही बुटांत चालत-धावत काढता येतात, मऊ मातीवर असेल तर आणखी बरं. भाचीने हे केलंच आहे. सहा महिने मात्र झिजल्या सोलवर काढायला लावणं म्हणजे दुखण्याला वेळ देणं.

कपड्यांबाबत दोन्हीकडचं हवामान वेगळं आहे, एवढंच. इथे एक वाक्य सारखं कानावर पडतं: हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात. पहिल्या हिवाळ्यात मी ते खरं मानलं आणि जाकीट, हातमोजे, उबदार पँट, कपाळावरचा दिवा असं सगळं घेत गेले. गोठवणाऱ्या अंधारात यातलं काही खरोखर लागतं. पण ते वाक्य कपडे परवडणाऱ्यांचं आहे. उकाड्यात धावणाऱ्याला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, त्याला सकाळची वेळ आणि पाणी लागतं. अर्ध्या तासासाठी जुना सुती टी-शर्टही चालतो. अंतर वाढलं की तो ओला होऊन जड होतो आणि काखेत, मांड्यांत घासतो. तेव्हा पॉलिस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट आणि थोडं व्हॅसलीन पुरतं. मोजे मात्र पहिल्या दिवसापासून सुती नकोत, ओलं सूत आणि घर्षण यांतूनच फोड येतात. घड्याळ नको. बोलता येईल इतक्या वेगाने धावायचं, हे श्वासच सांगतो.

ग्रुपवर एका वस्तूबद्दल कोणीच बोललं नाही. भाऊजींनी नाही, मामेभावाने नाही, ताईनेही नाही. बुटाच्या शंभर गोष्टी झाल्या, स्पोर्ट्स ब्राची एकही नाही. धावताना स्तन फक्त वरखाली हलत नाहीत, आडवे आणि मागेपुढेही हलतात, आणि वेग कमी असला म्हणून ती हालचाल नगण्य होत नाही. आधार नसेल तर दुखतं. दुखतं म्हणून खांदे आवळले जातात. आणि लोक बघतील म्हणून मुली धावणं सोडतात, हे मी इथेही पाहिलं आहे आणि तिकडेही. खास धावण्यासाठीची पहिली ब्रा 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी शिवली, पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटपट्टे एकत्र जोडून. त्याआधी बाजारात अशी वस्तूच नव्हती, कारण बायका धावतील हे बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तीही 1984 मध्ये. आमच्या ग्रुपवरची शांतता त्याच जुन्या सवयीतून आली आहे. मी भाचीला वेगळा फोन करून सांगितलं: पैसे कमी पडले तर बूट साधे घे, ब्रा साधी घेऊ नकोस. छातीखालचा पट्टा घट्ट पण श्वास न अडवणारा, त्यात दोन बोटं जेमतेम सरकावीत. घालून जागेवर उड्या मारून बघ. लाजू नकोस, चाचणीच ती आहे. आणि ही वापरलेली कधी घेऊ नकोस, इलॅस्टिक सैल झालेलं असतं.

बुटांचा हिशेबही फोनवरच झाला. आठवड्यात तीनदा, चार-चार किलोमीटर धरले तर वर्षाला सहाशेच्या आसपास होतात. साधारण बुटाचं आयुष्य 500 ते 800 किलोमीटर सांगतात. म्हणजे एक साधा जोड तिला वर्षभर पुरेल. आणि कंपन्या जवळजवळ दरवर्षी त्याच बुटाची नवी आवृत्ती काढतात, त्यामुळे मागच्या वर्षीची कमी किमतीत मिळते. बहुतेकदा फरक वरच्या कापडाचा आणि रंगाचा. नव्या धावकासाठी यापेक्षा चांगली खरेदी मला माहीत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या नकली बुटांपासून मात्र लांब राहायचं, वरून तेच दिसतं आणि आतला फोम कुठला ते कळत नाही.

राहिला आठ नंबर. कुठला आठ? ब्रिटिश आठ आणि अमेरिकन आठ एक नाहीत. अमेरिकन मापात बायकांचा आठ आणि पुरुषांचा आठ एक नाहीत. दोन कंपन्यांचे आठ तरी एकसारखे असतात कुठे? आराम हीच खरी कसोटी असेल, तर जो बूट तिने पायात घातलाच नाही तो मी इथून निवडायचा कसा? प्रेमाने बॅगेतून नेलेला आणि पुढे बोटाचं नख काळं करणारा जोड परतही करता येत नाही. म्हणून मी तिला नाही म्हटलं. नाही म्हणणं जड गेलं, दूर राहणाऱ्याला काहीतरी घेऊन जाण्याचाच आधार असतो. त्याऐवजी अर्ध्या जोडाचे पैसे पाठवले आणि काय करायचं ते सांगितलं: संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभी राहा, कडेने रेघ मार, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोज. धावायचे मोजे घालून दुकानात जा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, टाच उचलली जाता कामा नये, आणि दुकानातच थोडं धावून बघ.

रविवारी तिचा फोटो आला, कागदावर दोन पावलांच्या रेघा. उजवा 243, डावा 247. आजवर सगळी पादत्राणं उजव्या पायाला बघून घेतली होती म्हणे. बुधवारी तिने डाव्या पायाच्या मापाने मागच्या वर्षीचा एक जोड घेतला, गडद राखाडी. तो तिला आवडलेला रंग नव्हता. चार जोड घालून बघितल्यावर पायात आहे हेच विसरायला लावणारा तोच एक होता. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. तेही कागदावर उभे राहिले होते. टाच भिंतीला टेकवून मोजायची की तशीच, एवढंच त्यांना विचारायचं होतं.