"उंदराचं विष" आणि लसणाचा काढा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या संदेशाला उत्तर

तालमीच्या, भिशीच्या, भावकीच्या ग्रुपवर एक संदेश सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदराचं विष, ती बंद करा. लसूण, आलं, लिंबाचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर एकेक वाटी घेऊन उकळा, मध घाला, रोज सकाळी चमचाभर घ्या. गुठळ्या आणि ब्लॉकेज साफ होतात. पालेभाज्या खाऊ नका. जमलं तर जळवा लावून घ्या. सगळं नैसर्गिक आहे, अपाय नाही. दर महिन्याच्या रक्ततपासण्या हा नुसता धंदा आहे.

धडधाकट माणसानं हे वाचून सोडून दिलं तर काही बिघडत नाही. पण ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे किंवा ठोके अनियमित पडतात, त्यानं हे मनावर घेतलं तर जिवावर बेततं.

"गोळी म्हणजे उंदराचं विष." यात खरं किती ते आधी बघू. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गाईगुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगं कापली की रक्त थांबेना. कारण सापडलं चाऱ्यात: स्वीट क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या कुळातलं गवत, ओलं राहून बुरशी आली की त्यात रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल तयार होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथल्या संशोधनातून पुढे वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं रसायन आलं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं आणि १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

म्हणजे पदार्थ तोच, पण फरक मोजमापाचा आहे. आपल्याकडे जास्त चालणारी गोळी ॲसिनोकुमारॉल, वॉरफरिनची बहीण. ती १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि डोस रक्त तपासून ठरतो. उसाच्या फडात उंदरांसाठी ठेवतात त्यातलं झिंक फॉस्फाईड वेगळंच विष आहे; ते पोटात गेलं की फॉस्फिन वायू सुटतो. ब्रोमॅडिओलोन हे उंदराचं विष मात्र गोळीच्याच घराण्यातलं, पण ते यकृतात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतं. ॲसिनोकुमारॉलचा असर काही दिवसांत ओसरतो आणि डोस जास्त झाला तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. विषाची भीती दाखवून औषध सोडायला लावणं म्हणूनच चुकीचं.

आता काढा. लसणातल्या ॲलिसिन आणि अजोइनमुळे रक्तातल्या प्लेटलेट (गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना थोड्या कमी चिकटतात, हे खरं. पण ॲलिसिन तयार व्हायला लागणारं एन्झाइम उष्णतेनं मरतं. लसूण उकळला की उरलीसुरली ताकदही जाते. शिवाय कृत्रिम झडपेवरची गुठळी मुख्यतः प्लेटलेटवर नाही, तर थ्रॉम्बिन आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्यावर वाढते. लसूण त्या साखळीला रोखत नाही. ब्लॉकेज तर गुठळीसुद्धा नव्हे: धमनीच्या भिंतीच्या आत वर्षानुवर्षं साठलेली चरबी, तंतू आणि कॅल्शियम. चमचाभर काढ्यानं ते धुऊन निघत नाही. गोळीसुद्धा जुनी गुठळी विरघळवत नाही. ती गुठळी वाढू देत नाही आणि मग शरीर हळूहळू ती विरघळवतं.

कांदा-लसूण चटणी, तांबडा-पांढरा रस्सा खाऊ नये असा याचा अर्थ नाही. जेवणातल्या लसणाला हरकत नाही. हरकत आहे ती लसणाच्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल गोळीच्या जोडीला घेण्याला. त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याहून जास्त गोंधळ आपल्या परिचयाची औषधं करतात. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्साझोल यांनी गोळीचा असर वाढतो, टीबीच्या रिफाम्पिसिननं उतरतो. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक घेतलं तर जठरातून रक्त जाऊ शकतं. आणि "एक सुई मारा, बरं वाटेल" हा आग्रह तर अजिबात धरू नये: दंडात किंवा कमरेत खोल दिलेल्या इंजेक्शननं स्नायूत रक्त साठून मोठी गाठ होते. कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच असावं की मी रक्त पातळ करायची गोळी घेतो.

पालेभाज्यांचं थोडक्यात. मेथी, पालक, चाकवत, शेपू यांत व्हिटॅमिन के असतं आणि गोळी त्याच्याविरुद्ध काम करते, म्हणून लोक भाजी पूर्ण तोडतात. गरज आहे ती रोजच्या खाण्यात फार चढउतार न होण्याची. आठवडाभर काही नाही आणि मग बाजारातून जुड्या आल्या म्हणून रोज मेथी, यानं रक्ततपासणीतला आकडा (रक्त किती उशिरा गोठतं याचं माप) खाली येतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला, जेवण घटलं, तर तो वर जातो. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगून मधल्या दिवसांत एक तपासणी ठेवा.

जळू ही काही थोतांड गोष्ट नव्हे. सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. म्हणजे निवडीची काळजी तेव्हाही होती. जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, तेच थ्रॉम्बिनला थेट बांधतं. त्याच्या धर्तीवर बायव्हॅलिरुडिन हे इंजेक्शन बनलं. तुटलेलं बोट जोडल्यावर शिरेतलं रक्त तुंबलं तर प्लास्टिक सर्जन आजही जळू लावतात. पण तिचा असर चावल्या जागेभोवतीच राहतो. पायावर लावलेली जळू हृदयातली गुठळी काढत नाही. ती सुटल्यावर जखम कित्येक तास पाझरते आणि तिच्या आतड्यातल्या एरोमोनास जंतूंनी संसर्ग होऊ शकतो. गोळी चालू असलेल्यानं जळू लावून घेणं म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणं.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही," हे वाक्य उसाच्या पट्ट्यात तरी कुणी लिहू नये. फडात, बांधावर घोणस असते. तिचं विष रक्तातले गोठवणारे घटक, विशेषतः फॅक्टर टेन आणि फॅक्टर फाईव्ह, इतके भडकवतं की फायब्रिन ज्यापासून बनतं ते फायब्रिनोजेन सगळं वापरून संपतं आणि मग रक्त गोठतच नाही. हे ओळखायची साधी चाचणी अशी: शिरेतलं दोन मिलीलीटर ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी फसवते. उपाय प्रतिविष हाच. तेच घोणसीचं विष पातळ करून १९३४ मध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला वापरलं गेलं, आणि फुरशाच्या विषातल्या प्रथिनाच्या धर्तीवर टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध घडवलं गेलं.

आता संदेशानं 'धंदा' ठरवलेली गोळीवाल्यांची तपासणी. तिचं नाव आयएनआर. औषध न घेणाऱ्याचा आकडा साधारण १. पायातली गुठळी किंवा अनियमित ठोके असतील तर तो २ ते ३ ठेवतात, मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धातूची झडप असेल तर बहुधा २.५ ते ३.५. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. सुरुवातीला दर काही दिवसांनी, बसला की साधारण महिन्यानं तपासावा लागतो. निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लागतं. नळी अर्धवट भरली तर आकडा खोटाच जास्त येतो. म्हणून एखादा आकडा अचानक विचित्र आला तर डोस बदलण्याआधी पुन्हा रक्त द्या.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्या. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, वहीत नोंदवा. झडप असलेल्या तरुणीनं मूल हवं असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावं: या गोळ्या पहिल्या तिमाहीत बाळाला इजा करू शकतात, हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन मात्र वारेतून पलीकडे जात नाही. आणि धातूच्या झडपेला डॅबिगॅट्रानसारखी नवी, आयएनआर न लागणारी औषधं चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

संदेश वाचून कुणी गोळी बंद केली असेल तर आजच आयएनआर करून डॉक्टरांना दाखवावा. आपणहून जुना डोस दुप्पट करू नये. गोळी पुन्हा सुरू केली तरी पूर्ण असर यायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढ्या काळासाठी बऱ्याचदा हेपॅरिनची इंजेक्शनं द्यावी लागतात. झडपेची टिकटिक मंद झाली, धाप लागू लागली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता थेट हृदयरोग विभाग असलेलं रुग्णालय गाठावं. शौच डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल आली किंवा डोक्याला मार लागला तरीही तसंच.